विनोदिनीच्या नावाची बर्थ

नरहरी खापेकर कोणालाच मोजत नसे. रायपूर राजधानी झाली तेव्हा अख्खं शहर हरखून गेलं, फटाके फुटले, पेढे वाटले गेले, आणि हा गडी रेल्वेच्या वॅगन कारखान्यात आपल्या टेबलावर बसून म्हणाला, "बोर्ड बदलला, धूळ तीच आहे." पुढच्या सहा-सात वर्षांत चौपदरी रस्ते आले, काचेची दुकानं आली, उरला औद्योगिक वसाहतीतल्या भट्टीवाल्यांची पोरं सुटीत बँकॉकला जाऊ लागली. तसतसं नरहरीचं नाक आणखी वर गेलं. रस्ता रुंद झाला तर म्हणे, खड्ड्यांना मोकळं बसायला जागा झाली. शेजाऱ्यानं गाडी घेतली तर म्हणे, पेट्रोल भरायला बायकोचे दागिने विकेल. कोणाचं चांगलं झालेलं पाहवत नव्हतं असं नाही हो. चांगलं काही होतं यावरच त्याचा विश्वास नव्हता.

असा माणूस हेडक्लार्क झाला नाही तरच नवल.

एप्रिल सरत आला होता. जेवणाच्या सुटीत शेजारच्या टेबलावरचा अच्युत रंगीत कागद घेऊन आला. पंडरीच्या कापडबाजारामागे कुठलंसं ट्रॅव्हल्सचं दुकान नवीन निघालं होतं, तिथून आणलेला. सहा रात्री, सात दिवस, शिमला-मनाली, नाश्ता फुकट, पैसे हप्त्याहप्त्यानं.

"पाहा भाऊ, काय स्वस्त देऊन राहिले," अच्युत म्हणाला. बिचारा साधा माणूस. बायकोनं सांगितलं म्हणून चौकशी करून आला होता.

नरहरीनं तो कागद दोन बोटांनी धरला. "सहा रात्री अन् सात दिवस? म्हणजे पहिल्या दिवशी संध्याकाळी पोहोचवन अन् सातव्या दिवशी सकाळी हाकलन. उरले पाच. त्यातले दोन बसमध्ये उलट्या करण्यात जातीन. अन् तू वर्षभर हप्ते भरशीन. बरफ पाहायचा तं बरफाच्या फॅक्टरीत जा ना बाप्पा, उरल्याले सिटी बस जाते."

टेबलाभोवतीचे दोघं-तिघं हसले. अच्युतही हसला, कागदाची घडी घातली, आणि मग अगदी सहज, मनात काही न ठेवता विचारून बसला, "मग तुम्ही कुठं जाऊन राहिले, भाऊ? पोट्ट्याईले दोन वर्षं झाली कुठं नेलं नाही तुम्ही."

 नरहरीनं डब्याचं झाकण लावलं आणि पाणी प्यायला उठून गेला.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको, विनोदिनी, काविळीनं गेली. पंधरा दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. मागे दोन मुली. थोरली शर्मिष्ठा तेव्हा बारा वर्षांची होती, धाकटी अनुश्री चारची. धाकटीचं काय, ती महिनाभर रडली आणि मग शेजारणीच्या मांडीवर, शाळेतल्या बाईंच्या पदराशी, जिथं जागा मिळेल तिथं रुजली. थोरली रडली नाही. तिनं बोलणंच आवरतं घेतलं. आईजवळ बसून पोळ्या होईस्तोवर तोंडाचा पट्टा चालवणारी पोरगी बापाशी मात्र 'हव' आणि 'नाही' एवढ्यावर आली. भाजी आणू? हव. फी भरली? हव. काही पाहिजे काय? नाही. दोन वर्षं हे असं.

सगळ्या जगाची टर उडवणारा नरहरी या एका पोरीपुढे गार पडत असे. तो तिला भीत होता, स्पष्टच सांगायचं तर. ही अशीच गप्प राहिली, मोठी झाली, लग्न होऊन गेली, तर आपल्याला मुलगी होती हे आपल्यालाच कोणाकडून तरी ऐकावं लागेल, असं त्याला वाटायचं. मग तो अंगावरचं पांघरूण झटकावं तसा तो विचार झटकायचा आणि कोणाला तरी नावं ठेवायचा.

विनोदिनीनं पोरीला कबूल केलं होतं, सातवी पास झाली की पुरीचा समुद्र दाखवीन. सातवी झाली, आठवी झाली, नववीचाही रिझल्ट आता लागला. अच्युतचा प्रश्न घेऊन नरहरी घरी आला आणि त्या संध्याकाळी त्यानं ठरवलं: पुरी. पोरगी समुद्र पाहील, हरखेल, आणि हरखली की बोलेल. बोलल्याशिवाय समुद्र पाहता येतो काय?

"पुरीले जाऊ यंदा," तो जेवताना म्हणाला.

शर्मिष्ठानं मान वर केली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं बापाकडे नीट पाहिलं. "खरंच?"

एकच शब्द. पण तो 'हव' नव्हता आणि 'नाही'ही नव्हता. नरहरीनं आणखी एक पोळी वाढून घेतली.

"हाँ पापा, खरंच?" धाकटी अनुश्री ओरडली. तिच्या वर्गात सगळी हिंदी बोलणारी, मराठी तिला कळे पण तोंडून हिंदीच निघे. "समुंदर में मछली रहती है न?"

"राहते," नरहरी म्हणाला. "अन् फुकटात दाखवतो. पाहाच तुम्ही."

आता इथं खरा नरहरी सुरू झाला. साधा बाप असता तर त्यानं तीन तिकिटं काढली असती, एखादी धर्मशाळा पाहिली असती, चार दिवस पोरींना घेऊन हिंडला असता. पण मग नरहरीत आणि त्या अच्युतमध्ये फरक काय राहिला? लोक लुटून घेतात आणि आपण घेत नाही, हे जगाला दाखवल्याशिवाय त्याला चैन पडेना. गाडीला रेल्वेचा पास होता, तो झाला फुकट. पुरीला रेल्वेचं हॉलिडे होम होतं, खोली नावापुरत्या भाड्यात, वर स्वयंपाकाला ओटा आणि गॅस. राहिलं जेवण. समुद्रावरच्या हॉटेलवाल्यांविषयी त्याचं मत ऐकायचं तर कानात बोटं घालून ऐकावं लागेल. घरून शिधा न्यायचा हे ठरलं. पण तो रांधायचा कोणी? नरहरीला खिचडी येत होती, तीही खाली लागलेली.

तेव्हा त्याला वनमाला आठवली.

वनमाला विनोदिनीची धाकटी बहीण. तेहतीस वर्षांची, लग्न केलं नव्हतं, समता कॉलनीत एका दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावायचं काम करी आणि तिथंच जवळ खोली घेऊन राही. दर रविवारी येऊन भाच्यांची डोकी धुवून द्यायची, गणवेशाचं सुटलेलं शिवून द्यायची. रेल्वे कॉलनीतल्या बायकांनी तिचं आणि नरहरीचं लग्न मनातल्या मनात लावूनही टाकलं होतं. नरहरीला ती मुळीच पसंत नव्हती, जास्त बोलते म्हणून. आणि तिला तो इतका नापसंत होता की त्यावर ती बोलतही नसे. पण हात बहिणीचाच. तिची डाळ खाल्ली की क्षणभर घरात कोणी मेलेलंच नाही असं वाटायचं.

रेल्वेवाल्यांच्या घरात एक जुनी खोड आहे. पास असतो नवरा-बायकोचा आणि पोरांचा, पण तो वापरते सगळी नातलग मंडळी. बायको बाळंतपणाला माहेरी असली की तिच्या नावावर नणंद काशीला जाऊन येते. पोरगा परीक्षेला बसला असला की त्याच्या बर्थवर भाचा झोपतो. टीसी पुढे आला की सगळे मान खाली घालतात, तोही रेल्वेचाच, तोही पाहून न पाहिल्यासारखं करतो. याला कोणी चोरी म्हणत नाही. समज म्हणतात. नरहरीनं आयुष्यभर या फुकट्यांची टिंगल केली होती. मागे एकानं साडूला आपला भाऊ म्हणून नेलं तेव्हा, "उद्या शेजाऱ्याच्या म्हशीले आपली आई म्हणून नेईल," असं हा चारचौघांत म्हणाला होता.

पण आता स्वतःचं डोकं चाललं. पासाच्या यादीतून बायकोचं नाव कमी करा, असा अर्ज कर्मचाऱ्यानंच द्यायचा असतो. विनोदिनी गेली त्या वर्षी तो द्यायला त्याचा हात धजला नाही. कागद पुढ्यात घेऊन बसला आणि तसाच घडी करून ठेवून दिला. तेवढं एक त्या माणसाच्या बाजूनं बोलायला हवं. दुसऱ्या वर्षी आळस झाला. आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे आता, त्याच्या लक्षात आलं की विभागाच्या ऑफिसात आपली बायको अजून जिवंत आहे आणि तिला पुरीला जायचा पास मिळतो.

पासाचा अर्ज भरायला त्यानं शर्मिष्ठाला बसवलं. तिचं अक्षर मोत्यासारखं, आणि दुसरं असं की आपण किती हुशारीनं सगळं जमवतो ते पोरीला दिसावं, अशीही हौस होती. ती पेन घेऊन बसली. आज तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड होता. अर्जदाराचं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, रायपूर ते पुरी लिहिलं.

"आता खाली नावं. एक, स्वतः. दोन, पत्नी. लिही, विनोदिनी."

पेन थांबलं.

"लिही ना. वनमाला मावशी येऊन राहिली आपल्यासोबत. आईच्या नावाचा पास आहे, मावशी त्याच्यावर येईन. फुकट बर्थ कशाले सोडायची?"

शर्मिष्ठानं लिहिलं. सावकाश लिहिलं. मग विचारलं, "वय?"

"छत्तीस."

"आई चौतीसची होती."

"दोन वर्षं झाली ना. आता छत्तीसची."

पोरगी बापाकडे पाहत राहिली. "मेल्यावर वय वाढते काय, बाबा?"

"कागदावर वाढते," नरहरी म्हणाला. त्याला वाटलं, आपण झकास उत्तर दिलं. इतकं की दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणाला सांगावं असंही त्याच्या मनात येऊन गेलं. सांगण्यासारखं नव्हतं म्हणून राहिलं. शर्मिष्ठानं छत्तीस लिहिलं, स्वतःचं आणि अनुश्रीचं नाव लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि उठून आत गेली. नरहरीनं खाली सही ठोकली, वरील माहिती खरी आहे म्हणून.

रविवारी वनमाला आली. ऐकून तिचे हात अनुश्रीच्या केसांतल्या फेसातच थांबले.

"भाऊजी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे काय?"

"का? काय झालं?"

"ताईच्या नावावर मी जाऊ? तिच्या नावावर?" तिचा आवाज चढला. "मी माझं तिकीट काढते ना. मले येते पगार. डॉक्टर आठ दिवस दवाखाना बंद ठेवून जाऊन राहिले, मले सुटीच आहे. पोट्ट्याईसाठी येईन मी. पण माह्या नावानं येईन."

"पैसे जास्त झाले का तुले?"

"हव, झाले."

"बर्थ रिकामी जाऊन राहिली अन् ही तिकीट काढते!" नरहरी छताकडे पाहून म्हणाला, जणू वर कोणी न्यायाधीश बसला होता. "अन् तुले वेगळी बर्थ मिळाली दुसऱ्या डब्यात, तं मग? ही लहान पोट्टी रात्री उठली तं मी काय करू? अन् मे महिन्यात वेटिंग किती आहे, मालूम आहे? अव, सगळी दुनिया करते हे. नाव तं नाव. नावानं काय अंगाले भोकं पडतात?"

"लाज वाटते, भाऊजी."

"लाजेचं काय करतं? डाळीत टाकतं?"

वनमालानं अनुश्रीच्या डोक्यावर भडाभडा पाणी ओतलं. पोरगी ओरडली. दारात शर्मिष्ठा उभी होती. मावशीनं तिच्याकडे पाहिलं, तू तरी काही बोल अशा नजरेनं.  शर्मिष्ठाच्या चेहऱ्यावरचा तो परवाचा उजेड कुठल्या कुठे गेला होता. वनमालाला वाटलं, आपण नाही म्हटलं तर हा हट्टी माणूस सगळंच रद्द करेल आणि पोरीचा समुद्र पुन्हा राहील. नरहरी रद्द करणारा होताच. आपलं खरं करण्यासाठी तो स्वतःच्या पोरींचंही नुकसान करील, हे तिनं बहिणीच्या संसारात पाहिलं होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण मी तोंड उघडणार नाही. विचारलं तं तुम्हीच सांगा, काय सांगायचं ते."

"तू फक्त खिडकीबाहेर पाहा. बाकी माझ्यावर सोड."

मग तयारी सुरू झाली. चण्याचं पीठ, तांदूळ, डाळ, लोणचं, पापड, तिखट, सगळं डब्यांत भरलं गेलं. पोहण्याचे कपडे कशाला, जुने फ्रॉक आहेत ना. टॅक्सी कशाला, सायकलरिक्षा आहे ना. नरहरी रोज ऑफिसात अच्युतला ऐकवी, "पाच दिवस, चार माणसं, अन् खर्च तुह्या त्या मनालीच्या एका वेळच्या नाश्त्याएवढा." अच्युत विचारी, "चार कोण, भाऊ?" तेव्हा नरहरी विषय बदली.

एकच काम कठीण होतं. धाकटी. सहा वर्षांचं तोंड, त्याला कडी ना कोयंडा. टीसीपुढे ती 'मौसी' म्हणाली की सगळं मुसळ केरात. म्हणून नरहरीनं जायच्या आधी आठ दिवस तिची शिकवणी लावली.

"ये कौन?" तो वनमालाच्या फोटोवर बोट ठेवी.

"मौसी."

"नाही. गाडीत कोण?"

"मम्मी."

"नाव?"

"विनोदिनी."

"शाब्बास." आणि एक लिमलेटची गोळी.

हळूहळू अनुश्री पक्की झाली. इतकी पक्की की गोळीसाठी न विचारता म्हणू लागली. अंघोळ करताना मम्मी, खेळताना मम्मी. आईचा चेहरा तिला तसाही फारसा आठवत नव्हता. भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीला ती 'फोटोवाली मम्मी' म्हणे. आता दुसरी एक गाडीवाली मम्मी झाली. ही शिकवणी चाले तेव्हा शर्मिष्ठा समोरच बसून सुटीतला अभ्यास करी. एकदा ती म्हणाली, "बाबा, नका ना तिले शिकवू." नरहरी म्हणाला, "समुद्र पाहायचा आहे ना तुले?" ती पुन्हा वहीत पाहू लागली. बापानं याचा अर्थ होकार असा घेतला. असे अर्थ काढण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

जायचा दिवस उजाडला. संध्याकाळची गाडी. चार बर्थ एकाच खणात, दोन खाली, एक मधली, एक वरची. वनमालानं निळी साडी नेसली होती आणि चढल्यापासून ती खरोखरच खिडकीबाहेर पाहत होती. नरहरीनं डबे सीटखाली सरकवले, पास वरच्या खिशात ठेवला, नोकरीचं ओळखपत्राचं कार्ड त्याच्या वर ठेवलं आणि मांडी घालून बसला. आजूबाजूच्या प्रवाशांचं त्यानं निरीक्षण केलं आणि कोणीच त्याच्या पसंतीला उतरलं नाही. एकानं सहा बॅगा आणल्या होत्या, मूर्ख. एक जोडपं बाटलीतलं विकतचं पाणी पीत होतं, शेफारलेले.

महासमुंद स्टेशन मागे पडलं तेव्हा टीसी आला. वयस्क, काळा कोट, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. नरहरीनं पास आणि कार्ड असं पुढे केलं, जसं काही बक्षीस देतो आहे.

"अच्छा, स्टाफ," टीसी म्हणाला. चष्मा चढवला. यादीवर बोट फिरवलं. "नरहरी खापेकर. शर्मिष्ठा. अनुश्री. विनोदिनी खापेकर, छत्तीस?"

वनमाला हलली नाही. खिडकीचा गज धरून ती बाहेरच पाहत होती.

"हाँ हाँ," नरहरी म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, हसून म्हणाला. "मिसेस हैं. थोड़ी तबीयत ठीक नहीं."

"मम्मी!" अनुश्री ओरडली. शिकवल्याबरहुकूम. आणि शिकवणीपेक्षा एक पाऊल पुढे जाऊन तिनं वनमालाच्या गळ्यात हात टाकले, तिच्या गालाला गाल लावला. "ये मेरी मम्मी है. इनका नाम विनोदिनी है."

टीसी हसला. त्याला घरी नातवंडं असावीत. "बहुत लाड़ली है मम्मी की." मग त्यानं शर्मिष्ठाकडे पाहिलं, वनमालाकडे पाहिलं, पुन्हा शर्मिष्ठाकडे. "और ये बड़ी वाली तो बिलकुल मम्मी पर गई है. है न बेटा?"

 नरहरीनं पोरीकडे पाहिलं. डोळ्यांनीच तिला विनवलं. त्या नजरेतली सगळी मिजास उतरली होती.

"जी," शर्मिष्ठा म्हणाली.

टीसीनं चार खुणा केल्या, अनुश्रीच्या गालाला हात लावला आणि पुढच्या खणात गेला.

नरहरीनं पाय पसरले. त्याला आता हसू आवरत नव्हतं. जगाला पुन्हा एकदा बनवलं होतं. "पाहिलं?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "याले म्हणतात डोकं. आंधळा आहे बुढा, चष्मा काय शोभेले लावते काय? अच्युत असता ना माह्या जाग्यावर, चड्डी ओली झाली असती त्याची." त्यानं खिशातून गोळ्यांची पुडी काढली, अनुश्रीला दोन दिल्या. वनमालानं तिला मांडीवरून उतरवून बाजूला बसवलं होतं, पण पोरगी पुन्हा तिच्या कुशीत शिरत होती आणि गोळी चघळत "मम्मी, मम्मी, तुम भी खाओ" म्हणत होती. "बस झालं, अनु," वनमाला म्हणाली, "टीसी गेला ना. मौसी म्हण." पोरीला ते कळेना. बरोबर उत्तराला आता नाही का म्हणतात?

नरहरीला त्यातही गंमत वाटली. त्यानं उरलेली पुडी शर्मिष्ठापुढे केली. खरं म्हणजे सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता. ती 'जी' म्हणाली तेव्हा त्याचा ऊर भरून आला होता: पोरगी आपल्या बाजूची आहे. आपलंच रक्त.

"घे. उद्या सकाळी समुद्र. बोल आता, पाण्यात आधी कोण जाईन? तू का मी?"

शर्मिष्ठानं गोळी घेतली नाही. ती पुढे सरकून बसली, हात मांडीवर ठेवले आणि बापाकडे पाहिलं. दोन वर्षांत ती त्याच्याशी इतकं सरळ बसून बोलली नव्हती. तिच्या ओठांचा एक कोपरा खाली गेला होता. हा भाव नरहरीनं आयुष्यभर दुसऱ्यांना दाखवला होता. स्वतःच्या समोर तो कसा दिसतो ते त्याला आजपर्यंत माहीत नव्हतं.

"बाबा, एक सांगा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. भाजी काय आणायची विचारावं तसं तिनं विचारलं. "मी मेली तं माह्या बर्थवर कोणाले आणाल?"

"काय बोलून राहिली तू? वेडी झाली काय?"

"नाही, सांगून ठेवा. अनुले शिकवायले आठ दिवस लागतात."

वनमालाचा हात तोंडावर गेला. बाजूच्या सीटवरची बाई, जिला मराठी कळत नव्हती, या चौघांकडे कौतुकानं पाहत होती. सहलीला निघालेलं कुटुंब दिसत होतं.   नरहरीनं हातातली पुडी चुरगळली.

शर्मिष्ठा उठली नाही, तिनं मानही वळवली नाही. ती उत्तराची वाट पाहत बसून राहिली.